एक युनिट म्हणजे नेमके किती?

वाचकाचे पत्र :

महोदय, मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. गेल्या महिन्यात माझ्या रात्रपाळीत चौदा महिन्यांचे, सात किलो वजनाचे एक बाळ दाखल झाले. हिमोग्लोबिन ३.८ होते. सिनियरांनी फोनवर सांगितले, "पीसीव्ही लावून टाक." पीसीव्ही म्हणजे पॅक्ड सेल, लाल पेशींची पिशवी. मी मागणीपत्रावर "एक युनिट" लिहिले. २४० मिलीची पिशवी आली आणि ती मिनिटाला १५ थेंबांवर सुरू केली. पंचवीस मिनिटांनी बाळाला हुडहुडी भरली आणि ताप ९९ वरून १०२.४ वर गेला. सिनियरांच्या सांगण्यावरून रक्त थांबवले, पॅरासिटामॉल, एव्हिल (ॲलर्जीवरचे औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) दिले आणि तासाभराने ताप उतरल्यावर तीच पिशवी १० थेंबांवर पुन्हा सुरू केली. एकूण ९० मिली रक्त गेले, चार तास होत आले म्हणून उरलेले टाकून दिले. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ७ आले, बाळ घरी गेले. पण सकाळच्या राउंडला विभागप्रमुखांनी विचारले, "किती मिली दिले? का दिले? रिॲक्शननंतर रक्तपेढीला काय पाठवले?" माझ्याकडे एकाही प्रश्नाचे धड उत्तर नव्हते. माझ्या बॅचमधल्या इतरांनाही ती येत नव्हती, हे नंतर कळले. आता रक्त लावायचे म्हटले की हात थरथरतो. हे कुठे शिकायचे? सिनियरांना असे प्राथमिक प्रश्न विचारले तर ते हसतील, अशी भीती वाटते. आणि बाळाच्या आईला मी काही सांगायला हवे होते का?

उत्तर :

प्रिय डॉक्टर,

विभागप्रमुखांच्या तीन प्रश्नांपैकी "किती मिली?" हा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्या रात्रीच्या निम्म्या अडचणी त्याच्याच उत्तराअभावी झाल्या. इंटर्नशिपमध्ये तुम्ही रक्त लावायला शिकलात ते मेडिसिनच्या, सर्जरीच्या आणि बाळंतिणींच्या वॉर्डांत, आणि तिथे रक्त पिशव्यांत मोजले जाते. पन्नास-साठ किलोच्या माणसाला एक पिशवी लावली की हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढते आणि हिशेब तिथेच संपतो. ती सवय अंगात घेऊनच आपण सगळे बालरोग विभागात येतो. मुलांच्या वॉर्डात मात्र पिशवी हे मापच नव्हे. सात किलोच्या बाळाच्या अंगात, दर किलोला ७५ ते ८० मिली धरले तर, एकूण सव्वापाचशे ते साडेपाचशे मिली रक्त असते. म्हणजे मागणीपत्रावर "एक युनिट" लिहिताना तुम्ही बाळाच्या अंगातल्या रक्ताच्या जवळजवळ निम्मे रक्त मागवले होते. ती पूर्ण पिशवी त्याच वेगाने गेली असती तर आधीच थकलेल्या हृदयाला तो भार कदाचित पेलला नसता, फुफ्फुसांत पाणी साचून पहाटे बाळाला धाप लागली असती, आणि केसपेपरवर त्याला केवळ "रक्ताची रिॲक्शन" असे मोघम नाव मिळाले असते.

लाल पेशींचा मुलांमधला नेहमीचा डोस किलोला १० ते १५ मिली असतो. ठरावीक वाढ हवी असेल तर हिमोग्लोबिन जितके ग्रॅम वाढवायचे त्याला वजनाने आणि पुन्हा चाराने गुणायचे, आणि येईल तितके मिली मागवायचे. हे सूत्र तुमच्याच बाळावर लावून पाहा. हिमोग्लोबिन ३.८ वरून ७ झाले, म्हणजे वाढ ३.२; तिला सातने आणि चाराने गुणले की ८९.६ येतात, आणि तुमचे ९० मिली गेले होते. आकडा योग्य निघाला, पण तो तुम्ही ठरवला नव्हता, घड्याळाने ठरवला. पुढच्या वेळी मागणीपत्रावर "पॅक्ड सेल, ७० मिली, वजन ७ किलो" असे लिहा. बऱ्याच रक्तपेढ्या मोठ्या पिशवीतून छोट्या बंद पिशवीत तेवढेच रक्त काढून देतात आणि उरलेला भाग त्याच बाळासाठी राखून ठेवतात. मग दुसऱ्यांदा रक्त लागले तरी दाता तोच राहतो, ही त्यातली मोठी सोय आहे. (२०२० च्या नियमदुरुस्तीपासून कागदोपत्री "रक्तकेंद्र" म्हणायचे असते. वॉर्डातल्या मामांना आणि सिस्टरांना अजून रक्तपेढीच कळते, म्हणून मीही तोच शब्द ठेवतो.)

वेगाचेही तसेच आहे. रक्ताच्या सेटच्या पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिली असे छापलेले असते. ते एकदा स्वतः वाचा. मिनिटाला १५ थेंब म्हणजे तासाला ४५ मिली, म्हणजे तुमच्या बाळाला किलोमागे तासाला जवळपास साडेसहा मिली. प्रकृती स्थिर असलेल्या मुलालाही सहसा तासाला किलोमागे ५ मिलीच्या वर जात नाहीत, आणि ज्याचे हिमोग्लोबिन महिनोन्महिने हळूहळू उतरत ३.८ वर आले आहे त्याचे हृदय आधीच दुप्पट राबत असते. त्याला ७० मिली चार तासांत द्यायचे, म्हणजे मिनिटाला जेमतेम सहा थेंब. यकृत वाढलेले असेल, धाप असेल, नाडी फार वेगाने चालत असेल तर किलोला ५ मिलीच द्यायचे, सोबत फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाचा विचार करायचा आणि उरलेले दुसऱ्या खेपेला द्यायचे. सहा थेंब डोळ्यांनी मोजणे कठीण जाते हे मला मान्य आहे. सिरिंज पंप मिळाला तर तो वापरावा, पण रक्त गाळणीच्या सेटमधूनच सिरिंजमध्ये घ्यावे.

"का दिले?" या प्रश्नाचे उत्तर तुमच्याजवळ होते, फक्त ते तुम्हाला ठाऊक नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या मार्गदर्शनानुसार हिमोग्लोबिन ४ च्या खाली असेल तर रक्त द्यावे, आणि ४ ते ६ च्या मध्ये असेल तर धाप, हृदयावरचा ताण, शुद्ध हरपणे, शॉक अशी लक्षणे पाहून ठरवावे. म्हणजे तुमचा निर्णय बरोबर होता. मात्र हेच बाळ ५.२ हिमोग्लोबिन घेऊन, खेळत-हसत आले असते तर त्याच रात्री घाईने रक्त लावण्याची गरज नव्हती. युगांडा आणि मलावी या देशांत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ४ ते ६ हिमोग्लोबिनच्या, पण गंभीर लक्षणे नसलेल्या मुलांपैकी काहींना लगेच रक्त दिले आणि काहींवर लक्ष ठेवून गरज पडली तरच दिले; २८ दिवसांनी पाहता दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फरक आढळला नाही, आणि थांबलेल्या गटातल्या जवळपास निम्म्या मुलांना रक्त लागलेच नाही. अतिदक्षता विभागातल्या स्थिर मुलांसाठी ७ ही मर्यादा पुरेशी आहे, हे २००७ साली ६३७ मुलांच्या अभ्यासातून दिसले. "जरा कमी दिसतेय, एक लावून टाका" हे वाक्य या आकड्यांसमोर उभे राहत नाही, आणि रात्री दोन वाजता ते आपल्याच तोंडून निघणार नाही यासाठी हे आकडे पाठ हवेत.

प्लेटलेट आणि प्लाझ्मा यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी पावसाळा तोंडावर आहे म्हणून दोन वाक्ये लिहितो. डेंग्यूच्या मुलाला रक्तस्राव नसताना केवळ पन्नास-साठ हजारांचा आकडा पाहून प्लेटलेट चढवू नयेत, नातेवाईक रात्री कितीही दाता शोधत फिरले तरी; आणि प्लाझ्मा हे प्रथिने वाढवण्याचे किंवा सलाईनच्या जागी वापरायचे द्रव नाही. जास्त दिले म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत किती फसवी असते ते अपुऱ्या दिवसांच्या ६६० बाळांच्या, २०१९ सालच्याच अभ्यासात दिसले: प्लेटलेट ५० हजारांखाली येताच ज्यांना त्या चढवल्या त्या गटात, २५ हजारांपर्यंत थांबलेल्या गटापेक्षा, मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव जास्त झाला.

आता तिसरा प्रश्न, आणि इथे मला थोडे कठोर व्हावे लागेल. रक्त थांबवले हे उत्तम केले. तीच पिशवी पुन्हा सुरू करणे ही चूक होती. बाळ बरे राहिले म्हणून ती चूक लहान ठरत नाही, कारण त्या तासाभरात बाळ बरे राहील हे तुम्हाला आणि तुमच्या सिनियरांना कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. रक्त सुरू झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत हुडहुडी भरून साडेतीन अंश ताप चढतो, तेव्हा चार गोष्टी शक्य असतात. दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे किंवा साठवणुकीत तयार झालेल्या द्रव्यांमुळे आलेला साधा ताप असेल, आणि बहुतेक वेळा तोच असतो. मुलाच्या मूळ आजाराचाच ताप असेल. पिशवीत जंतू वाढलेले असतील. किंवा चुकीच्या गटाचे रक्त जात असेल. पहिल्या पाव तासात या चौघांचा चेहरा अगदी सारखा असतो, आणि शेवटचा प्रकार तर मोठी माणसे कंबर दुखते, छातीत दडपते असे सांगून ओळखवून देतात. चौदा महिन्यांचे बाळ फक्त रडते. पॅरासिटामॉलने ताप उतरतो तो चारही प्रकारांत उतरू शकतो, त्यामुळे "ताप उतरला, आता लावा" याला काही आधार उरत नाही. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही जोडी आपल्याकडच्या वॉर्डांत रक्ताच्या पिशवीइतकीच पक्की बसली आहे, पण तापाच्या रिॲक्शनवर तिचा उपयोग होत नाही. फक्त अंगावर गांधी उठल्या असतील तर एव्हिल द्यावे, आणि गांधींखेरीज दुसरे काहीही नसेल तर त्या शमल्यावर तीच पिशवी हळू चालू करायला हरकत नसते. घसा आवळणे, घरघर, रक्तदाब खाली येणे असे काही दिसले तर एव्हिल शोधत बसू नये. मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिन, किलोला ०.०१ मिलिग्रॅम, हेच पहिले औषध.

मग त्या रात्री काय व्हायला हवे होते? क्लॅम्प बंद करून पिशवी सेटसकट काढायची, पण शीर सोडायची नाही, नव्या सेटने साधे सलाईन हळू चालू ठेवायचे. नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन पाहायचे. पिशवीवरचे लेबल, मागणीपत्र आणि बाळाच्या मनगटावरची पट्टी पुन्हा एकदा शब्दन् शब्द ताडून पाहायची, कारण चुकीचे रक्त गेले असेल तर उत्तर बहुधा इथेच सापडते, आणि या बाळासाठीची पिशवी त्याच वेळी चुकून शेजारच्या कॉटवरच्या मुलाला तर लागलेली नाही ना हेही पाहायचे. लघवीचा रंग पाहायचा. दुसऱ्या हातातून बाळाचे नवे रक्त काढून, एक ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) आणि एक साध्या नळीत, पहिल्या लघवीसह, उरलेल्या पिशवीसकट आणि तिला जोडलेल्या सेटसकट रक्तपेढीत पाठवायचे आणि बाळाचे ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) घ्यायचे. तंत्रज्ञ तिथे कागदपत्रे तपासतात, आधीच्या आणि नंतरच्या नमुन्याचा गट पुन्हा पाहतात, प्लाझ्मा गुलाबी झाला आहे का ते उजेडात धरून पाहतात आणि डायरेक्ट कूम्ब्स चाचणी (लाल पेशींवर प्रतिपिंडे चिकटली आहेत का ते दाखवणारी) लावतात. यातल्या पहिल्या तपासण्यांचा निकाल फोनवर लवकर कळतो. तेवढा वेळ थांबणे ३.८ हिमोग्लोबिनच्या बाळालाही परवडते. चुकीची पिशवी परवडत नाही. काही संस्थांत थंडी नसलेला, एखाद-दीड अंश फॅरनहाइटने वाढलेला ताप असेल तर कागदपत्रे तपासून तीच पिशवी पुन्हा लावण्याची मुभा असते, पण तुमचे बाळ त्या गटातले नव्हते.

तुम्ही उरलेली पिशवी टाकून दिलीत, त्यामुळे आता तपासायला काही राहिले नाही. तरीही महिना उलटून गेला असला तरी रिॲक्शनचा अर्ज भरून रक्तपेढीला द्या. १० डिसेंबर २०१२ पासून आपल्या देशात हीमोव्हिजिलन्स, म्हणजे रक्ताच्या रिॲक्शनवर लक्ष ठेवण्याचा, कार्यक्रम चालू आहे, नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था तो पाहते आणि रिॲक्शनच्या नोंदी तिच्याकडे जमा होतात. हा अर्ज तुमच्याविरुद्धची तक्रार नव्हे. एका दात्याच्या रक्तातून लाल पेशी एका रुग्णाला, प्लेटलेट दुसऱ्याला, प्लाझ्मा तिसऱ्याला जातो; तुमच्या पिशवीत जंतू असते तर बाकीच्या दोघांना वाचवण्यासाठी रक्तपेढीला तुमच्याच फोनची गरज होती. वॉर्डात कोणीच हे सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

नमुन्याविषयी आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मी निवासी डॉक्टर असताना एका रात्री दोन मुलांचे रक्त एकापाठोपाठ काढले, नळ्या एप्रनच्या खिशात टाकल्या आणि नर्सिंग टेबलावर येऊन चहा घेत घेत लेबले लावली. तासाभराने रक्तपेढीतून तंत्रज्ञांचा फोन आला: "डॉक्टर, या मुलाचा गट गेल्या महिन्यात बी पॉझिटिव्ह होता, आज ओ कसा झाला?" माझ्या खिशात नळ्यांची अदलाबदल झाली होती. ते मूल थॅलेसीमियाचे होते, दर तीन-चार आठवड्यांनी येत असे, म्हणून जुनी नोंद होती आणि चूक पकडली गेली. दुसरे मूल पहिल्यांदाच आले होते. त्याची कुठेच नोंद नव्हती. नळीवर नाव बाळाच्या कॉटपाशी, बाळाची पट्टी पाहून, स्वतःच्या हाताने लिहायचे आणि मगच पुढच्या कॉटकडे जायचे, हा नियम मी तेव्हापासून पाळत आलो, आणि ज्याचा गट पहिल्यांदाच ठरतो आहे त्याचा दुसरा नमुना वेगळ्या वेळी घ्यावा असा रक्तपेढीचा आग्रह असेल तर त्यावर चिडणे त्याच रात्री सोडले. आईला "हा आरव ना?" असे विचारू नका. थकलेली आई कशालाही हो म्हणते. "बाळाचे नाव सांगा" असे विचारा. नवजात कक्षात तर "बेबी ऑफ सुनीता" अशा नावाची दोन बाळे एकाच वेळी असतात; तिथे आईचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक यांखेरीज कशावरही विसंबू नये. चार महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे असतात, म्हणून त्याच्या नमुन्यासोबत आईचाही नमुना पाठवावा लागतो, हे त्याच ओघात सांगून ठेवतो.

वडील "माझेच रक्त माझ्या लेकराला द्या" म्हणून हट्ट धरतात, हा प्रसंग तुमच्यावर लवकरच येईल. जवळच्या नातेवाईकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बाळाचे शरीर परके म्हणून ओळखत नाही आणि त्या बाळाच्याच अंगात रुजून त्याच्यावर उलटू शकतात. हा आजार विरळा, पण जवळजवळ नेहमी जीवघेणा असतो, म्हणून असे रक्त विकिरण केल्याशिवाय देत नाहीत. वडिलांचे रक्त दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल, बाळाला अनोळखी माणसाचेच चांगले, हे त्यांना शांतपणे समजावून सांगता आले पाहिजे. घाईच्या वेळी "ओ निगेटिव्ह द्या, क्रॉसमॅच नंतर बघू" म्हणतानाही (क्रॉसमॅच म्हणजे दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळते का ते तपासणे) एक गोष्ट मनात असू द्या. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याचे वर्णन केले तो बॉम्बे गट याच मुंबईत सापडला. त्या गटाची माणसे वरवरच्या तपासणीत ओ दिसतात, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नाही. भारतात दहा हजारांत साधारण एक असा मनुष्य असतो. पूर्ण क्रॉसमॅचला पाऊण-एक तास लागतो म्हणून रक्तपेढीवर ओरडणाऱ्या निवासी डॉक्टरने हे लक्षात ठेवावे.

वॉर्डातल्या बारीकसारीक गोष्टी भराभर लिहितो. रक्त वॉर्डातल्या फ्रीजमध्ये ठेवू नये, गरम पाण्यातही धरू नये. आणल्यापासून अर्ध्या तासात लावता येणार नसेल तर ते परत पाठवावे आणि एकदा आणल्यावर चार तासांत संपवावे. प्लेटलेट तर फ्रीजमध्ये कधीच ठेवू नयेत. रक्ताच्या लाइनमध्ये साध्या सलाईनखेरीज काहीही चालू नसावे. मुलांना आपण सर्रास लावतो त्या आयसोलाइट-पीतल्या डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात आणि रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमने गुठळ्या होतात. पहिला पाव तास कॉटजवळ स्वतः उभे राहावे.

हे सगळे तुम्हाला येत नव्हते, याची लाज वाटून घेऊ नका. आपल्याकडे रक्तसंक्रमण शिकवले जाते ते मुख्यतः एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यात, पॅथॉलॉजीच्या तासाला, आणि हातात पिशवी येते ती त्यानंतर तीन-चार वर्षांनी, रात्री, एकट्याने. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत नऊ देशांतल्या मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांना या विषयावरचे वीस प्रश्न विचारले होते. सरासरी गुण शेकडा पन्नासाच्या खाली राहिले. बालरोगाच्या निवासी डॉक्टरांना तर याखेरीज वजन, नवजात बाळ, थॅलेसीमिया, सिकलसेल असा वाढीव अभ्यासक्रम लागतो. विदर्भात, नंदुरबारला किंवा गडचिरोलीला काम कराल तर सिकलसेलच्या मुलाचे हिमोग्लोबिन साध्या संक्रमणाने १० च्या वर नेऊ नये, नाहीतर रक्त दाट होऊन नवेच संकट ओढवते, हे पहिल्याच आठवड्यात लागेल.

शिकायचे कुठे, तर रक्तपेढीतच. विभागप्रमुखांना भेटून चार दुपारी तिथे बसण्याची परवानगी मागा. ज्यांनी राउंडला ते तीन प्रश्न विचारले ते नकार देतील असे मला वाटत नाही. स्वतःचा गट स्वतः तपासा, एक क्रॉसमॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा, आणि तुमच्याच वॉर्डातून आलेली मागणीपत्रे चाळा. वजन न लिहिलेली, कारणाच्या रकान्यात फक्त "अॅनिमिया" लिहिलेली, सही न वाचता येणारी ती पत्रे पाहिली की काउंटरमागचे तंत्रज्ञ फोनवर का चिडतात ते कळते. माझे या विषयातले निम्मे ज्ञान प्राध्यापकांकडून आले आणि निम्मे वीस वर्षे रात्रपाळी केलेल्या एका तंत्रज्ञांकडून, ज्यांनी मला वर सांगितलेला तो फोन केला होता.

सिनियरांच्या हसण्याबद्दल एक युक्ती सांगतो. "किती द्यायचे असते?" असा प्रश्न विचारू नका, आपला हिशेब सांगून संमती मागा. "सर, सात किलोचे बाळ आहे, किलोला दहाप्रमाणे सत्तर मिली मागवते, सहा थेंबांनी चार तासांत देते, चालेल ना?" यावर कोणी हसत नाही. हिशेब चुकलेला असेल तर ते दुरुस्त करतील, आणि त्यांनाही येत नसेल, जे अनेकदा खरे असते, तर तुमच्या वाक्यातून तेही शिकतील. "तीच पिशवी लाव" असे फोनवर सांगितले गेले तर "सर, थंडी वाजून ताप आलाय, आधी रक्तपेढीकडून तपासून घेते" असे म्हणा आणि केसपेपरवर वेळ घालून लिहा. पहिल्या वर्षाला हे बोलणे जड जाते याची मला कल्पना आहे. तरी बाळाच्या कॉटपाशी तुम्ही उभ्या होतात, ते नव्हते.

आईला सांगायला हवे होते, आणि अजूनही सांगता येईल. रक्तासाठी तिची लेखी संमती आपण घेतो, तेव्हा ते देताना काय घडले हे कळण्याचा तिचा हक्क त्याच कागदात येतो. शिवाय पुढे कधी बाळाला रक्त लागले तर "मागच्या वेळी थंडी वाजून ताप आला होता" हे नव्या डॉक्टरांना सांगणारी तीच एकटी असेल. फेरतपासणीला ती येईल तेव्हा साध्या शब्दांत सांगा, आणि डिस्चार्ज कार्डवर तेच वाक्य लिहून द्या.

त्याच भेटीत दोन गोष्टी पाहायच्या आहेत, ज्या पिशवीच्या गडबडीत बहुधा राहून गेल्या असतील. रक्त लावण्याआधी एचपीएलसीसाठी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या तपासणीसाठी, नमुना काढून ठेवला होता का? नसेल तर आता बाळाच्या रक्तात दात्याच्या पेशी मिसळलेल्या आहेत आणि साधारण तीन महिने तो अहवाल विश्वासाचा राहणार नाही. तोवर आई-वडील दोघांची तपासणी करून घ्या, म्हणजे थॅलेसीमिया किंवा सिकलसेल घरात आहे का याचा अंदाज येईल. आणि ते जर लोहाच्या कमतरतेचे बाळ असेल, वरच्या दुधावरच वाढलेले, तर सत्तर-नव्वद मिली रक्ताने त्याची रात्र निभावली, कमतरता भरून निघालेली नाही. लोहाचे थेंब किलोमागे रोज ३ ते ६ मिलिग्रॅम, हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही दोन-तीन महिने चालू राहायला हवेत. आईने ते घरी सुरू केले आहेत का, की शौचाला काळे होते म्हणून बंद केले, एवढे तिला आवर्जून विचारा.